लांब स्ट्रोकचें इंजिन : पिस्टन व कनेक्टिंग रॉड यांची निवड



गेल्या पावसाळ्यांत आपल्या शाळेच्या एका माजी विद्यार्थ्याचें अमेरिकेंतून पत्र आलें. तो तेथें कॅलिफोर्नियांत नोकरीस असतो. पोटाला चिमटा घेऊन सांचविलेल्या पैशांतून त्यानें एक जुनी फोक्सवॅगन 'बीटल' मोटार विकत घेतली व तिचें इंजिन अधिक जोरदार करावें म्हणून लांब स्ट्रोकचा क्रँकशाफ्ट आणला. पिस्टन एकाच्या सांगण्यावरून घेतले, रॉड जुनेच ठेविले. जुळणी करून हातानें इंजिन फिरवूं लागला, तों एका जागीं तें अडकलें. शेजारच्या जाणत्या मनुष्यानें सल्ला दिला, "थोडा जोर लाव, जागा करून घेईल." ह्यानें मात्र हात आंवरला आणि मला लिहिलें, "सर, ह्या गाडींतून मला बायकोमुलांना घेऊन जावयाचें आहे. जोर लावूं कीं हिशेब करूं?"

प्रश्न यंत्राचा असला तरी त्याचें उत्तर आपल्या इयत्ता नववी-दहावीच्या भूमितींत व पदार्थविज्ञानांत आहे. म्हणून तें येथें सर्वांसाठीं विस्तारानें देत आहें.

इंजिनाची ओळख

बीटलचें इंजिन हवेनें थंड होणारें आहे. त्यांत पाणी नाहीं, रेडिएटर नाहीं. चार सिलिंडर दोन-दोन करून क्रँकशाफ्टच्या दोहों बाजूंस आडवे निजलेले असतात. प्रत्येक सिलिंडर सुटा असून त्याच्या अंगावर कल्ले असतात, व पंख्याची हवा त्या कल्ल्यांवरून वाहते. सिलिंडर आडवे असल्यामुळें ह्या लेखांत 'वर' म्हणजे क्रँकपासून दूर, हेडकडे, आणि 'खालीं' म्हणजे क्रँककडे, असें समजावें.

सिलिंडरच्या आंतल्या व्यासास बोअर म्हणतात. पिस्टन एका टोंकापासून दुसऱ्या टोंकापर्यंत जें अंतर चालतो, तो स्ट्रोक. १९३८ सालीं बीटलचा बोअर ७० मि.मी. व स्ट्रोक ६४ मि.मी. होता आणि इंजिनाचें एकंदर आकारमान ९८५ घन सें.मी. भरत असे. पुढें बोअर वाढत वाढत ७७ मि.मी. झाला, तेव्हां १,१९२ घन सें.मी. चें इंजिन तयार झालें. १९६५ सालीं मात्र कारखान्यानें बोअर तोच ठेवून स्ट्रोक ६४ वरून ६९ मि.मी. केला, व आकारमान १,२८५ घन सें.मी. झालें, शक्ति ३४ अश्वशक्तीवरून ४० वर गेली. तेव्हां स्ट्रोक वाढविणें हा कांहीं हौशी लोकांनीं काढलेला खेळ नव्हे. खुद्द निर्मात्यांनींच तो मार्ग चोखाळला आहे. १९७० पर्यंत बोअर ८५.५ मि.मी. वर आला आणि १,५८४ घन सें.मी. चें प्रसिद्ध इंजिन सिद्ध झालें. ही बीटल मोटार शेवटीं मेक्सिकोंतील पुएब्ला येथें बनत असे, व ३० जुलै २००३ रोजीं तिची निर्मिति थांबली. परंतु तिचीं इंजिनें आजही हौसेनें उघडलीं व बांधलीं जातात.

आपल्याकडील मुलांनीं जुन्या ३५० बुलेटचें उदाहरण डोळ्यांपुढें आणावें. तेंही हवेनें थंड होणारेंच इंजिन. त्याचा बोअर ७० व स्ट्रोक ९० मि.मी., म्हणजे स्ट्रोक बोअरपेक्षां मोठा. बीटलमध्यें स्थिति याच्या उलट आहे. बोअर मोठा व स्ट्रोक लहान. म्हणूनच तेथें स्ट्रोक वाढविण्यास वाव सांपडतो.

स्ट्रोक वाढला म्हणजे काय होतें?

आमच्या विद्यार्थ्यानें आणलेला क्रँकशाफ्ट ८२ मि.मी. स्ट्रोकचा होता. बोअर ८५.५ मि.मी. च ठेवला तर आकारमान काढूं. बोअरच्या वर्तुळाचें क्षेत्रफळ ५७.४१ चौरस सें.मी.; त्यास ८.२ सें.मी. नें व चार सिलिंडरांनीं गुणिलें असतां १,८८३ घन सें.मी. येतात. पूर्वीचे १,५८४ होते. म्हणजे सुमारें ३०० घन सें.मी. ची वाढ झाली, आणि तीही सिलिंडरच्या भिंती पातळ न करतां. हा ह्या मार्गाचा मोठा गुण होय.

पण फुकट कांहींच मिळत नाहीं. क्रँकची भुजा स्ट्रोकच्या निम्मी असते. ती ३४.५ वरून ४१ मि.मी. झाली. म्हणून पिस्टन पूर्वीपेक्षां ६.५ मि.मी. अधिक वर जाईल आणि ६.५ मि.मी. अधिक खालीं येईल. वर तो हेडला धडकेल, खालीं तो क्रँकशाफ्टच्या वजनांना धडकेल. पिस्टन व रॉड यांची सगळी निवड ह्या दोन धडका टाळण्यासाठीं आहे. नवशिका मनुष्य वरच्या धडकेचा विचार करतो व खालचीस विसरतो. आमचा विद्यार्थीही तिच्याच कचाट्यांत सांपडला होता.

वरच्या बाजूचा हिशेब

फळ्यावर हें समीकरण लिहावें :

अर्धा स्ट्रोक + रॉडची लांबी + पिनेची उंची + माथ्याची फट = क्रँकच्या मध्यापासून सिलिंडरच्या वरच्या कडेपर्यंतचें अंतर.

रॉडची लांबी म्हणजे त्याच्या दोन भोंकांच्या मध्यांतील अंतर. पिनेची उंची म्हणजे गजनपिनेच्या मध्यापासून पिस्टनच्या माथ्यापर्यंतचें अंतर. माथ्याची फट म्हणजे पिस्टन अगदीं वर असतां त्याच्या व सिलिंडरच्या कडेच्या मध्यें उरणारी जागा.

मूळ इंजिनांत रॉड १३७ मि.मी. चा आहे. गणितापुरती पिनेची उंची ४० व फट १.५ मि.मी. धरूं. बेरीज ३४.५ + १३७ + ४० + १.५ = २१३ मि.मी. झाली. आतां क्रँकशाफ्ट बदलला आणि बाकी सर्व तेंच ठेविलें, तर ४१ + १३७ + ४० = २१८. सिलिंडर २१३ वर संपतो. म्हणजे पिस्टन ५ मि.मी. बाहेर डोकावतो. ही अडचण दूर करण्याचे मार्ग तीन.

पहिला मार्ग, सिलिंडरच्या बुडाशीं धातूची चकती घालून तो बाहेर सरकविणें. येथें ६.५ मि.मी. ची चकती लागेल. पण दोन्ही बाजूंचे सिलिंडर सरकल्यामुळें इंजिन १३ मि.मी. नें रुंद होतें. मग वरचे पत्रे, धुराड्याचे नळ व पुशरॉडच्या नळ्या जागेवर बसेनात.

दुसरा मार्ग, गजनपिन माथ्याच्या अधिक जवळ असलेला पिस्टन घेणें. मूळ उंचीच्या पिनेच्या पिस्टनांना कारागीर 'ए' पिस्टन म्हणतात व लांब स्ट्रोकसाठीं पिन वर नेलेल्यांना 'बी' पिस्टन. पिनेची उंची ३३.५ मि.मी. मिळाली, तर इंजिनाची रुंदी तीच राहील.

तिसरा मार्ग, रॉडच आंखूड करणें. कागदावर १३०.५ मि.मी. चा रॉड ही अडचण सोडवितो. प्रत्यक्षांत तो सर्वांत वाईट. कां, तें पुढें दिसेल.

खालच्या बाजूचा हिशेब

पिस्टन अगदीं खालीं असतां क्रँकच्या मध्यापासून गजनपिनेचें अंतर म्हणजे रॉडची लांबी वजा अर्धा स्ट्रोक. मूळ इंजिनांत १३७ − ३४.५ = १०२.५ मि.मी. तोच रॉड ठेवून ८२ चा स्ट्रोक घेतला, तर १३७ − ४१ = ९६ मि.मी. आंखूड रॉड घेतला तर अवघे ८९.५. म्हणजे पिस्टनचा खालचा घेर क्रँकच्या वजनांच्या अंगावर येऊन पडतो.

येथें दुसऱ्या मार्गांतील एक खोंच लक्षांत घ्यावी. पिस्टनची एकंदर लांबी तीच ठेवून नुसती पिन वर नेली, तर पिनेखालीं लोंबणारा घेर तितकाच वाढतो. वर बचत झाली ती खालीं भरावी लागते! आमच्या विद्यार्थ्याचें नेमकें हेंच झालें होतें : 'बी' पिस्टन, जुने १३७ चे रॉड आणि न कापलेला घेर. त्यानें जोर लावला असता, तर घेराचा तुकडा उडून तेलांत पडला असता आणि रस्त्यांत, चालत्या गाडींत, सगळें इंजिन फुटलें असतें.

ह्यावर उपाय लांब रॉडचा. बाजारांत ५.५ इंच, म्हणजे १३९.७ मि.मी., व ५.७ इंच, म्हणजे १४४.७८ मि.मी. लांबीचे रॉड मिळतात. पहिल्यानें खालचें अंतर ९८.७ होतें, दुसऱ्यानें १०३.७८, म्हणजे मूळच्यापेक्षांही थोडें अधिक. पण वरची किंमत पाहा. ३३.५ च्या पिनेसह ५.५ इंची रॉडला बुडाशीं २.७ मि.मी. ची चकती लागते, तर ५.७ इंची रॉडला जवळजवळ ७.८ मि.मी. ची. म्हणून ८२ च्या स्ट्रोकला ५.५ इंची रॉड, 'बी' पिस्टन, पातळ चकती व गरजेपुरता आंखूड केलेला घेर, ही जोडी मध्यम मार्गाची ठरते. पिस्टन व रॉड हीं दोन खरेदीचीं कामें नव्हेत. तें एकच काम आहे.

लांब रॉडचा गुण किती?

लांब रॉड घेतला कीं इंजिन अगदीं निराळें होतें, अशी एक समजूत आहे. तीही गणितानें तपासूं. रॉड जितका तिरका होतो, तितका पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर रेटला जातो. मूळ इंजिनांत हा तिरकेपणा फार तर १४.६ अंश असतो. ८२ च्या स्ट्रोकला १३७ च्या रॉडनें तो १७.४ अंश, ५.५ इंची रॉडनें १७.१ व ५.७ इंची रॉडनें १६.४ अंश होतो.

पिस्टनला वरच्या टोंकाशीं बसणारा हिसकाही तसाच. मिनिटास ४,००० फेरे धरले, तर मूळ इंजिनांत पिस्टनचें त्वरण दर सेकंदास दर सेकंदीं सुमारें ७,५८० मीटर असतें. ८२ च्या स्ट्रोकला तें १३७ च्या रॉडनें ९,३५० व ५.७ इंची रॉडनें ९,२३० होतें. पिस्टन, रिंगा व पिन मिळून ४०० ग्रॅम धरल्यास हा ओढा ३०९ किलोग्रॅम वजनाइतका होता, तो आतां ३८१ किलोग्रॅम वजनाइतका झाला. म्हणजे भार वाढविला तो स्ट्रोकनें. लांब रॉडनें त्यांतला अगदीं थोडा परत दिला. लांब रॉड घ्यावा तो मुख्यतः खालची जागा मिळावी म्हणून. त्याच्यापासून चमत्काराची अपेक्षा करूं नये.

रॉड पारखतांना

वरील ओढा रॉडच्या बोल्टांना सोसावा लागतो; आणि जळलेला वायु बाहेर टाकून पिस्टन वरच्या टोंकाशीं येतो, तेव्हां त्याला मागें रेटणारा दाबही नसतो. शिवाय हा ओढा फेऱ्यांच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो : ४,००० ऐवजीं ५,५०० फेरे केले तर तो जवळजवळ १.९ पट होतो. म्हणून शांतपणें चालवावयाच्या इंजिनास सरळ व निर्दोष असे जुने घडीव रॉड चालतील. वेगानें फिरवावयाच्या इंजिनास क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचे मजबूत रॉड व उत्तम बोल्ट घ्यावे. बोल्ट निर्मात्यानें सांगितल्याइतकेच आवळावे. कमीही नव्हे, अधिकही नव्हे.

मोठ्या भोंकाचें माप क्रँकशाफ्टवर अवलंबून असतें. मूळ क्रँकपिनेचा व्यास ५५ मि.मी. आहे, पण लांब स्ट्रोकचे कांहीं क्रँकशाफ्ट शेव्हरोले मापाच्या, म्हणजे २ इंची, पिनेचे असतात. लहान पिनेमुळें रॉडचें डोकें लहान होतें व जवळच फिरणाऱ्या कॅमशाफ्टपासून आणि इंजिनाच्या पेटीपासून सुटें राहतें. तेव्हां क्रँकशाफ्ट प्रथम घ्यावा, त्याची पिन मोजावी आणि मगच रॉड मागवावा. लहान भोंक २२ मि.मी. च्या गजनपिनेस बसलें पाहिजे. चारही रॉड दोन्ही टोंकांशीं निरनिराळे तोलावे, व चारही पिस्टनांचीं वजनेंही ग्रॅम-दोन ग्रॅमच्या आंत जुळवावीं.

पिस्टन पारखतांना

पिस्टन दोन प्रकारचे, ओतीव व घडीव. घडीव पिस्टन अधिक चिवट असतो. पण तो सामान्यतः तापल्यावर अधिक फुगतो, म्हणून त्याला सिलिंडरमध्यें अधिक मोकळीक द्यावी लागते. थंड इंजिन सुरू करतांना तो थोडा खडखडतो. सिलिकॉन अधिक असलेला ओतीव पिस्टन कमी फुगतो व शांत चालतो. परंतु आघात सोसण्याचें बळ त्यांत कमी. शर्यतीची हांव नसेल, तर चांगला ओतीव पिस्टन पुरे. पिस्टनच्या माथ्यावर बाण असतो, तो फ्लायव्हीलकडे करून बसवावा.

बोअरचा मोह आवरावा. पेटीचें भोंक मोठें न करतां सरळ बसणारे ८८ मि.मी. चे सिलिंडर पातळ भिंतीचे असतात. उष्णतेनें ते वांकडे होतात व गळूं लागतात. हवेनें थंड होणाऱ्या इंजिनांत सिलिंडरची भिंत हीच उष्णता बाहेर नेणारी वाट आहे.

दाबाचें प्रमाण

अनेकांना न सुचणारी गोष्ट ही कीं, माथ्याची फट तीच राखली तरी स्ट्रोकनें दाबाचें प्रमाण आपोआप वाढतें. मूळ इंजिनांत एका सिलिंडरचें आकारमान ३९६.२ घन सें.मी. व प्रमाण ७.५, म्हणून वरची कोंडलेली जागा ३९६.२ ÷ ६.५ = ६०.९ घन सें.मी. नव्या स्ट्रोकनें सिलिंडर ४७०.८ चा झाला. आतां प्रमाण (४७०.८ + ६०.९) ÷ ६०.९ = ८.७३. दाब वाढला कीं उष्णता वाढते, आणि येथें ती शोषून घेण्यास पाणी नाहीं. पेट्रोल अवेळीं भडकूं लागलें म्हणजे खट्खट् असा आवाज येतो. तो ऐकूनही गाडी दामटली, तर पिस्टनच्या माथ्याला भोंक पडतें.

फट आणखी १ मि.मी. वाढविली तर प्रमाण ८.०६ वर येतें. पण मोठी फट हा आळशाचा उपाय होय. फट अरुंद असली म्हणजे मिश्रण जोरानें मध्यभागीं ढकललें जाऊन नीट जळतें. म्हणून फट लहानच राखून हेडमधील पोकळी तितकी मोठी करावी, हें शहाणपणाचें. ती पोकळी मोजण्यास आपल्या रसायनशाळेंतील ब्युरेट व एक कांचेचा तुकडा पुरतो! कांचेला भोंक पाडून ती पोकळीवर ग्रीज लावून बसवावी, आणि ब्युरेटमधून किती द्रव मावला तें वाचावें.

शेवटची तपासणी

रिंगा घालण्यापूर्वीं सर्व भाग सैल जोडून क्रँकशाफ्ट हातानें दोन पूर्ण फेरे फिरवावा. दोन कां? कॅमशाफ्ट क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो. एका फेऱ्यांत त्याची निम्मीच बाजू दिसते. घेर व वजनें, रॉडचें डोकें व कॅमशाफ्ट, रॉड व पेटी, ह्या तिन्ही ठिकाणीं फट मोजावी. जेथें अडेल तेथें जोर लावूं नये. खूण करावी, उघडावें, कानस लावावी व पुन्हां फिरवावें. पुशरॉडची लांबी सर्वांत शेवटीं ठरवावी. कारण चकती, सिलिंडर व हेड यांची जागा कायम झाल्याखेरीज ती ठरतच नाहीं.

अभ्यासासाठीं उदाहरणें

१. बोअर ८५.५ व स्ट्रोक ७८ मि.मी. असतां चार सिलिंडरांचें आकारमान काढा. (उत्तर : १,७९१ घन सें.मी.)

२. स्ट्रोक ६९ वरून ७८ मि.मी. केला, तर पिस्टन किती अधिक वर जाईल? (उत्तर : ४.५ मि.मी.)

३. स्ट्रोक ७८ व रॉड १३९.७ मि.मी. असतां पिस्टन खालीं आला म्हणजे गजनपिन क्रँकच्या मध्यापासून किती अंतरावर असेल? (उत्तर : १००.७ मि.मी.)

उपसंहार

हा सर्व हिशेब मीं त्या विद्यार्थ्यास लिहून पाठविला. दोन महिन्यांनीं त्याचें उत्तर आलें. जुने रॉड काढून त्यानें ५.५ इंची रॉड घेतले, घेर मोजून आंखूड करविला आणि इंजिन दोन फेरे फिरविलें. कोठेंही अडलें नाहीं. हेडची पोकळी मोजावयाची राहिली होती, म्हणून तें अजून सुरू केलें नव्हतें. "सर, ब्युरेट मिळेपर्यंत थांबलों आहें," असें त्यानें लिहिलें होतें. त्याचें तें थांबणें मला कोणत्याही प्रगतिपुस्तकापेक्षां अधिक समाधान देऊन गेलें.

आपल्या प्रभूनें बुरूज बांधूं इच्छिणाऱ्या मनुष्याचा दृष्टांत सांगितला आहे. त्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, नाहीं तर पाया घालून काम अर्धें राहील व लोक हंसतील. यंत्र बांधणाऱ्यासही तोच न्याय लागू आहे. पालकांस एवढीच विनंति कीं, मुलानें घरची सायकल उघडली तर त्यास रागें भरूं नये. हातांत एक मोजपट्टी द्यावी, आणि उघडण्यापूर्वीं काय मोजलेंस, हें प्रेमानें विचारावें.